विहिरीची साक्ष

वणीहून घुग्गुसमार्गे चंद्रपूरकडे निघालं की वाटेत मातीदगडाच्या उंच राशी दिसू लागतात. खुल्या कोळसा खाणींतून काढून टाकलेली ही जमीन. या राशींच्या पायथ्याच्या गावांत दर उन्हाळ्यात एकच वाद होतो : विहीर खाणीनं आटवली की कमी पावसानं? या वादाचा निकाल मोजमापानं लावता येतो. त्याची रीत गावकऱ्यांनाही ठाऊक असायला हवी.

वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा ‘बराकार’ नावाच्या थरांत आहे. त्यावर अनेक ठिकाणी ‘कामठी’ थरांचा वालुकाश्म पसरला आहे. पावसाचं पाणी पोटात मुरवून विहिरींना पुरवणारा हा दगड. कोळशापर्यंत पोचायचं तर नेमका तोच कापावा लागतो. मग खाण हीच एक अवाढव्य विहीर होते. तळाशी जमणारा पाझर पंपांनी सतत उपसावा लागतो आणि आसपासचं भूजल तिच्याकडे वाहू लागतं. भूजलाची पातळी खाणीजवळ सर्वांत जास्त उतरते. लांब जावं तसा परिणाम ओसरतो.

हा परिणाम किती लांब पोचेल? हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ साली दाखवलं, की थरातून जाणारं पाणी पातळीच्या उतारावर आणि थराच्या पारगम्यतेवर अवलंबून असतं. म्हणून एका बोअरमधून ठरावीक दरानं उपसा करतात आणि शेजारच्या बोअरची पातळी घड्याळ लावून मोजतात. त्यावरून थर पाणी किती वाहू देतो आणि किती साठवतो ते कळतं. मात्र जमिनीतला एखादा भ्रंश, म्हणजे सरकलेल्या खडकांमधली भेग, पाणी अडवतो, एखादा वाट करून देतो. त्यामुळे खाणीभोवती नुसतं वर्तुळ आखून भागत नाही.

खरा पुरावा तुलनेतून मिळतो. खाणीजवळच्या आणि दूरच्या, पण एकाच खडकातल्या विहिरी जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशा वर्षातून चार वेळा मोजायच्या. सोबत पाऊस आणि शेतीचा उपसाही नोंदवायचा. सगळ्याच विहिरी सारख्या उतरल्या, तर कारण पाऊस असू शकतं. दूरच्या विहिरी पावसाळ्यात भरल्या आणि जवळच्या वर्षानुवर्षं भरल्याच नाहीत, तर संशयाची सुई खाणीकडे वळते. नदीकाठी मात्र जास्त सावध राहावं लागतं. तिथं खाण नदीचंच पाणी ओढून घेऊ शकते. विहिरीची पातळी टिकते आणि नुकसान नदीच्या उन्हाळी प्रवाहाला सोसावं लागतं. म्हणून नदीही मोजली पाहिजे.

पाण्याचा दर्जा हा वेगळा हिशेब. कोळशाबरोबरच्या पायराइट या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल आणि सल्फेट तयार होतं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक तुलनेनं कमी असतं. तरीही ढिगाऱ्यांतून झिरपणाऱ्या पाण्यात सल्फेट, क्षार आणि कठीणपणा वाढू शकतो. चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत फ्लोराइड मुळातच खडकातून येतं. म्हणून खाणीआधी पाणी कसं होतं हे माहीत नसेल, तर नंतरच्या तपासणीवरून दोष कुणाचा हे सांगणं कठीण जातं.

खाण बंद झाली, पंप थांबले की पाणी परत चढतं, पण जुना खडक परत येत नाही. खड्ड्यात भरलेल्या दगडमातीतून पाणी वेगळ्या वाटांनी फिरतं.

अमेरिकेनं १९७७ च्या कायद्यानं खाणीच्या परवान्याआधीच पाण्यावरच्या संभाव्य परिणामांचा अंदाज मांडणं सक्तीचं केलं. आपल्याकडेही २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरीआधी परिणामांचा अभ्यास होतो आणि मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीही होते. त्या सुनावणीत नुसती तक्रार कमी पडते. तारीखवार नोंद बोलते. एक मोजफीत, एक वही आणि विहिरीच्या काठावर रंगवलेली एक कायमची खूण एवढ्यावर हे काम सुरू होतं. तुमच्या शिवारात उद्या खाण येणार असेल, तर आजच पातळी मोजून वहीत लिहा. खाण सुरू झाल्यावर ही पहिली नोंद कुणालाच मिळवता येत नाही.