दिवसाची वीज, रात्रीची झोप: वरवंडच्या शिवारात सौरऊर्जा कशी कामाला येईल?

पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला ओलांडला की वरवंड लागतं. दौंड तालुक्यातलं हे गाव व्हिक्टोरिया तलावासाठी ओळखलं जातं. कालव्याचं पाणी, विहिरी, बोअर आणि त्यावर उभा असलेला ऊस हा इथला संसार. उत्तरेला भीमा नदी. नदीपलीकडे शिरूर तालुका. या दोन्ही तालुक्यांत शेख, मुलाणी, सय्यद, तांबोळी, अत्तार अशी घरं पिढ्यानपिढ्या राहतात. कुणाची दोन-चार एकर शेती आहे, कुणाचं गॅरेज, कुणाचं वेल्डिंगचं किंवा वायरमनचं काम.

कार्बन उत्सर्जन, हरित ऊर्जा हे शब्द अशा गावात ऐकले की वाटतं, हे दिल्ली-मुंबईच्या बैठकांमधलं बोलणं आहे. पण इथे हा विषय आला तो एका साध्या प्रश्नातून: मोटार रात्री चालू करायची की दिवसा?

रात्रीचं पाणी आणि उसातला बिबट्या

शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला जातो. साप, विंचू, विजेचा धक्का हे धोके जुनेच आहेत. त्यात बिबट्याची भर पडली आहे. उंच उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, तिथेच त्याची पिल्लं वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा बिबट्याच्या बंदोबस्ताबरोबर शेतीला दिवसा वीज द्या, ही जुनी मागणीही पुन्हा पुढे आली.

दिवसा वीज देणं आजवर अवघड का होतं? राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते. दिवसा कारखाने, दुकानं, कार्यालयं अशा सगळ्यांनाच वीज लागते. त्यात लाखो शेतीपंप एकदम चालू झाले तर भार पेलत नाही, म्हणून शेतीचा काही भार रात्रीवर ढकलला जातो. सूर्य मात्र दिवसाच तळपतो. म्हणजे शेतीला ज्या वेळी वीज हवी, नेमकी त्याच वेळी सौर वीज तयार होते. ही जोडी जुळवणं हाच या सगळ्या योजनांचा गाभा आहे.

गावाच्या फीडरवर सूर्य

यासाठी राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. अण्णा हजारे यांचं राळेगणसिद्धी हे सुरुवातीच्या गावांपैकी एक. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिचा पहिला प्रकल्प 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 3 मेगावॅट क्षमतेने सुरू झाला.

कामाची पद्धत सोपी आहे. गावाजवळच्या उपकेंद्रातून शेतीपंपांसाठी वेगळी 11 केव्हीची वाहिनी निघते. तिलाच आपण फीडर म्हणतो. उपकेंद्राच्या आसपास मोकळ्या जागेवर सौर पॅनेल बसवायचे आणि ती वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची. फीडरवरच्या पंपांना दिवसा पुरवठा होतो. शेतकऱ्याला मोटार बदलावी लागत नाही, खर्चही करावा लागत नाही. वीज लांबून आणायची नसल्याने वाटेतली गळती कमी होते.

एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. सरकारी जमीन किंवा गायरान नसेल तर खासगी जमीन भाड्याने घेतात. दर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. म्हणजे एकरी साधारण 50 हजार. बागायती उसाच्या रानाला हा सौदा परवडणार नाही, पण मुरमाड, पड रानाला परवडेल. प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीलाही वर्षाला 5 लाख असे तीन वर्षे मिळतात.

मशीद किंवा दर्ग्याची इनाम जमीन गावात पडीक असेल तर इथे एक खबरदारी हवी. वक्फ जमिनीचा भाडेकरार मुतवल्ली एकट्याच्या सहीने करू शकत नाही. त्यासाठी महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाची रीतसर मंजुरी लागते. कुणी दलाल घाईने कागद पुढे करत असेल तर थांबा. तो कागद आधी वकिलाला दाखवा.

स्वतःचा सौरपंप

दुसरा रस्ता म्हणजे शेतात स्वतंत्र सौरपंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप मिळतो.

आपल्या अनेक घरांत अडचण पैशांआधी कागदांची असते. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, विहिरीची नोंदच नाही. अर्जासाठी सातबाऱ्यावर पाण्याच्या स्रोताची नोंद लागते आणि जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांची संमतीही लागते. हिस्सेदारांत बहिणीही येतात. शरीयतने त्यांचा वाटा ठरवून दिलेला आहे, तो कागदावर आणण्याचं निमित्त म्हणूनही याकडे बघता येईल. तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद आणि विहिरीची नोंद करून घेतली की निम्मं काम झालं.

एक सांगायला हवं. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना सरकारने एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी वीजबिल माफ केलं आहे. मग सौर कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर असं: माफी बिलाची आहे, रात्रीच्या पाळीची नाही. आणि माफी कायमची नाही.

धुराचा हिशेब

आता उत्सर्जनाकडे येऊ. देशाच्या ग्रीडमधली एक युनिट वीज तयार होताना सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 5 एचपीची मोटार म्हणजे साधारण 3.7 किलोवॅट. ती वर्षात हजार तास चालली तर 3,700 युनिट लागतात, म्हणजे जवळपास अडीच टन कार्बन डायऑक्साइड. शेतकऱ्याच्या बांधावर धूर दिसत नाही, कारण तो चंद्रपूरच्या चिमणीतून निघतो. याउलट एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण साडेचौदा लाख युनिट देतो. तेवढा कोळसा न जाळल्याने हजारेक टनांची बचत होते.

बातम्यांत आपण ऐकतो की भारताची निम्मी वीजक्षमता आता खनिज इंधनाबाहेरची आहे. 2025 मध्ये देशाने तो टप्पा गाठला हे खरं. पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक आहे. सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे. 2030 पर्यंत 500 गिगावॅट आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही देशाची उद्दिष्टं म्हणूनच अवघड आहेत.

आपल्या पट्ट्यात आणखी दोन गोष्टी आहेत. साखर कारखाने बगॅस जाळून वीज करतात. त्यातून निघणारा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून ती वीज कोळशापेक्षा बरी. गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड जाळलं तर तोच हिशेब लागू होतो. पण चुलवणात प्लास्टिक, रबर, जुन्या चपला गेल्या की हिशेब बिघडतो. तो विषारी धूर आधी तिथे काम करणाऱ्या मजुरांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो. दुसरी गोष्ट पाचटाची. तोडणीनंतर पाचट पेटवण्यापेक्षा सरीत कुजवलं तर धूर वाचतो, ओल टिकते आणि जमिनीला खत मिळतं. याला योजना लागत नाही, अनुदान लागत नाही.

घराचं आणि मशिदीचं छप्पर

घरासाठी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 पासून आहे. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्यापुढे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान मिळतं. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावली नसलेलं छप्पर लागतं. त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट, महिन्याला 120 युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडे कलते बसवतात. उसाच्या फडातली काजळी आणि महामार्गाची धूळ बसली की वीज घटते, म्हणून ते अधूनमधून धुवावे लागतात.

नेट मीटर म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. दिवसा जास्तीची वीज महावितरणला जाते, रात्री आपण घेतो, बिल फरकाचं येतं. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि 31 मार्चला वर्षाचा हिशेब होतो. लाईट गेली की हे साधं सौर यंत्रही बंद पडतं, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये. लाईट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

मशिदीला घरगुती अनुदान मिळत नाही, तरी हिशेब जुळू शकतो. जोहर, असर आणि जुमा दिवसा होतात. मगरीब, इशा, फजर अंधारात. वुजूच्या टाकीचा पंप दिवसा चालवता येतो. पंखे दिवसातून थोडाच वेळ लागतात, म्हणून दिवसाची बरीच वीज ग्रीडला जमा होते आणि रमजानच्या तरावीहला ती उपयोगी पडते. आधी वर्षभराची बिलं काढा, सरासरी युनिट बघा, मगच किलोवॅट ठरवा. विक्रेत्याच्या अंदाजावर ठरवू नका. निधीबाबतही स्पष्टता हवी. जकातीचे पैसे मशिदीच्या कामाला चालत नाहीत, असं बहुतेक उलमा सांगतात. त्यासाठी लिल्लाह आणि सदका आहे. वर्षानुवर्षं लोकांना फायदा देणारं काम सदका-ए-जारिया ठरतं, हे जमातीला समजावून सांगता येईल.

जगात हे होत आलेलं आहे. मोरोक्कोने 2016 मध्ये 600 मशिदींत एलईडी दिवे आणि सौर यंत्रं बसवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीवर पाचशेहून अधिक पॅनेल आहेत. 2015 मध्ये इस्तंबूलमध्ये जमलेल्या मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढून खनिज इंधन सोडण्याचं आवाहन केलं होतं.

व्याजाचं काय?

बँका सौर यंत्रासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. पण व्याज नकोच म्हणून अनेक मुस्लिम कुटुंबं इथेच थांबतात. त्यात अनुदान यंत्र बसल्यानंतर खात्यात येतं, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम लागते. यावर काही वाटा आहेत. एक, 1 किलोवॅटपासून सुरुवात करणं. दोन, बोली न लावता चालणारी साधी भिशी: बारा घरं, दर महिन्याला एका घराचं छप्पर. तीन, बैतुलमालातून कर्ज-ए-हसना. अनुदान आलं की तो भाग लगेच परत, उरलेला वाचलेल्या बिलातून. चार, विक्रेत्याशी आधीच ठरवलेल्या एकाच किमतीचे हप्ते. यातलं काय कुठल्या शर्तीवर जायज, हे आपल्या आलिमांना विचारून घ्या.

आणि फसवणुकीपासून सांभाळा. सौरपंप मंजूर झाला, या लिंकवर पैसे भरा, असे मेसेज फिरतात. पैसे फक्त महावितरणच्या किंवा योजनेच्या अधिकृत पोर्टलवर, अर्ज क्रमांकासह भरायचे.

मीजान विसरू नका

सौरपंपाची एक उलटी बाजू आहे. वीज फुकट आणि दिवसभर असली की मोटार बंद करायचं भान राहत नाही. बोअर खोल जातात, शेजाऱ्याची विहीर आटते. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी पुणे शहर आणि आपली शेती यांत वाटलं जातं, ते काही वाढणार नाही. सूर्य अमाप आहे, भूजल नाही. म्हणून सौरपंपाबरोबर ठिबक हवंच. कुरआनात मीजान, म्हणजे तोल, आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी, या दोन्हींविषयी बजावलेलं आहे. वाहत्या पाण्यावरही वुजू जपून करायला शिकवणारा दीन मोटारीलाही लागू होतो.

पोरांच्या हातात काम

एवढे पॅनेल बसणार तर ते बसवायला, दुरुस्त करायला माणसं लागणारच. आपल्याकडे वायरमन, वेल्डर, मेकॅनिक मुलं पुष्कळ आहेत. पॅनेलचा सांगाडा उभा करणं हे वेल्डरचं काम आहे, जोडणी वायरमनची. केंद्र सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण आणि आयटीआय यांतून प्रमाणपत्र मिळतं. ते हातात असेल तर मुलगा मजुरीवर न राहता स्वतः काम घेऊ शकतो.

सुरुवात कुठून करायची? ग्रामसभेत विचारा: आपल्या फीडरचं सौर कधी, जागा कुठली, काम कुठवर आलं? जुम्यानंतर दहा मिनिटं काढून मशिदीची बिलं सगळ्यांसमोर ठेवा. घरी सातबारा काढून वारस नोंद तपासा. या तीन कामांना पैसा लागत नाही. शेतकरी रात्री उसात जायचा थांबला, तर त्याच्या घरातलं प्रत्येक माणूस निवांत झोपेल. चंद्रपूरच्या चिमणीतून तेवढा धूर कमी निघेल, हा त्याच्यासोबत मिळणारा फायदा.