गाडीची तब्येत : भाग ११
गॅसवर मिसिंग मारणारं इंजिन

एलपीजी किट गाडीत बसतं कसं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ते बिघडल्यावर काय करायचं ते पाहू. समोर जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आहे, कार्ब्युरेटरची, मिक्सरवालं साधं किट बसवलेली, असं धरून चालू. इंजेक्टरवाल्या सिक्वेन्शियल किटची दुखणी वेगळी, त्यांच्याकडे नंतर वळू.

गाडी गॅसवर मिसिंग मारायला लागली की सगळे आधी स्विच पेट्रोलवर टाकून बघतात. पेट्रोलवर गाडी सुरळीत चालली की निकाल ठरलेला : दोष गॅसचा. मग किटवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. तो व्हेपोरायझरचा स्क्रू कधी अर्धा फेरा पिळतो, कधी पाव फेरा सोडतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. मला हा निकाल घाईचा वाटतो. गॅस-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल, झिजलेला प्लग किंवा तडकलेली वायर पेट्रोलवर कशीबशी वेळ मारून नेते. गॅसवर तिचं पितळ उघडं पडतं. म्हणजे पेट्रोलवर गाडी नीट चालली, तरी करंट ठणठणीत आहे असं सिद्ध होत नाही.

म्हणून किटला हात लावण्याआधी प्लग काढा. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर कमी करा. कडा गोल झाल्या असतील तर प्लग सरळ बदला. वायरींची परीक्षा रात्री करावी. टाकीवरचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, गॅसचा वास कुठेही येत नाही याची खात्री करा आणि इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून अंधारात बॉनेट उघडा. प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. वायर फुटकी असेल तर तिच्यापासून इंजिनच्या धातूकडे निळसर ठिणगी उडताना दिसते, ‘टिक टिक’ ऐकू येतं. वायरींना मात्र हात लावू नका, झटका जबर बसतो. डेल्कोची कॅप दिवसा काढून पाहा. आतून केसासारखी काळी रेघ उमटली असेल तर ती कॅप गेली.

एअर फिल्टरच्या डब्यात फटाका फुटतो, त्याची मुळंही बहुधा इथेच असतात. मिक्सर किटमध्ये तयार मिश्रण मॅनिफोल्डभर भरलेलं असतं. ठिणगी कमजोर असली किंवा गॅस कमी पडून मिश्रण रेंगाळत जळलं, की इनटेक व्हॉल्व्ह उघडताना ती आग उलटी मागे येते. फिल्टरचा प्लॅस्टिक डबा फुटेपर्यंत वाट पाहू नये. मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा व्हॅक्यूमची नळी हवा ओढत असेल, तरी मिश्रण असंच पातळ होतं. उलट फिल्टर धुळीने बुजला की गॅस जास्त ओढला जातो : ॲव्हरेज पडतं, गाडी स्लोला बंद पडते. दोन्ही वेळा दोष बाहेरचा आणि स्क्रू मात्र व्हेपोरायझरचा पिळला जातो.

आता खुद्द व्हेपोरायझर. द्रव गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती इंजिनाच्या गरम पाण्यातून येते. इंजिन तापल्यावर व्हेपोरायझरला जाणाऱ्या दोन्ही होसपाइपना बेताने हात लावून पाहा. दोन्ही गरम हवेत. एक गरम, एक गार असेल तर वाटेत हवा अडकली आहे किंवा पाइप बुजला आहे. कूलंट कमी झालं तर भर उन्हाळ्यातही व्हेपोरायझरवर बर्फ धरतो. अशा वेळी आधी पाणी कुठे जातंय ते शोधा. गॅसमधला जड, तेलकट अंश आत साचतो. त्यासाठी खाली ड्रेन प्लग असतो. गॅस बंद करून, इंजिन कोमट असताना तो उघडला की काळपट, घाण वासाचं तेल निघतं. डायफ्राम कडक झाला असेल तर मात्र दुरुस्ती-किट टाकण्याला पर्याय नाही.

एक साधी चूक स्विचची. पेट्रोलवरून गॅसवर जाताना मधल्या खुणेवर थांबून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपू द्यायचं असतं. घाई केली तर दोन्ही इंधनं एकदम जाऊन इंजिन गुदमरतं.

टॅपेटकडे फार कोणी बघत नाही. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप हळूहळू बुजते. टॅपेट वाजत असलेली गाडी एकवेळ परवडली. आवाज अगदी थांबला असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता आहे. कॉम्प्रेशन उतरतं, सकाळी सेल्फवर सेल्फ मारावे लागतात आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. गॅप इंजिन थंड असताना, कंपनीच्या मापाने तपासून घ्या.

वास आला तर ही सगळी तपासणी बाजूला ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचून राहतो. गळती साबणाच्या फेसाने शोधायची, काडी ओढून नाही. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणाऱ्याला माझ्याकडे सल्ला नाही. तो गुन्हा आहे. पुढच्या भागात टाकी आणि तिची चाचणी. तोवर आरसी बुकात गॅस किटची नोंद आहे का, तेवढं बघून ठेवा.