शंभर दाण्यांचं गणित

जून जवळ आला की जालना जिल्ह्यात घरोघरी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासली जाते. ओल्या गोणपाटावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. शंभरातले किमान सत्तर उगवले, तर बियाणं पेरणीजोगं.

हे काम खुशाल घरातल्या पहिली-दुसरीतल्या पोरांकडे सोपवावं.

एकक-दशक फळ्यावर रुक्ष वाटतं; इथं दशक म्हणजे समोरची एक ओळ. गुंडाळी उघडण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज घ्यावा आणि तो भिंतीवर खडूनं लिहावा, म्हणजे नंतर कुणाला पलटी मारता येत नाही! एका ओळीत तीन दाणे नासले, दुसरीत दोन. मग उगवलेले मोजायचे की नासलेले शंभरातून वजा करायचे? सोपी वाट मोठ्यांनी आधीच सांगितली, तर खेळातली गंमतच जाते. शेकडेवारी हा शब्द पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी ती अशी हाताखालून गेलेली असते.

शेत नसलेल्या घरात मोसंबी आहेच. सोलण्याआधी फोडींचा अंदाज, मग मोजणी, मग चौघांत वाटणी. उरलेल्या फोडीवरून होणारं भांडण म्हणजेच बाकीचा धडा.

एक काळजी मात्र हवी. पिशवीतल्या विकतच्या बियाण्याला बहुतेकदा औषध लावलेलं असतं. ते लहानग्यांच्या हाती देऊ नये.