करवंदाचे रोप : घरी आणि शाळेच्या आवारात

सह्याद्रीच्या माथ्यापासून कोकणच्या कातळापर्यंत सर्वत्र आढळणारी करवंदाची जाळी मुद्दाम लावावी, असे सहसा कोणास वाटत नाही. मावळ व मुळशीकडील डोंगराळ भागातून करवंदे घेऊन आलेल्या बायका उन्हाळ्यात ‘डोंगराची काळी मैना’ अशी हाळी देत पुण्याच्या पेठांतून फिरत व पानांच्या द्रोणातून ती विकत. कसबा पेठेतील वाड्यांतून या फळाचे लोणचे व मुरंबा होत असे. झाड मात्र दूर डोंगरातच राहिले. आता डोंगरउतारावर रस्ते व घरे होत असल्याने जाळ्या तुटत आहेत. म्हणून हे झाड आपल्या अंगणात आणणे अगत्याचे झाले आहे.

करवंदाचे बी फार काळ टिकत नाही, ही गोष्ट शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम ध्यानात घ्यावी. फळ पिकते मे महिन्यात, म्हणजे नेमके शाळांच्या सुट्टीत. जून उजाडेपर्यंत ठेवलेल्या बियांपैकी पुष्कळशा उगवतच नाहीत. यास्तव सुट्टी लागण्यापूर्वीच मुलांस सांगून ठेवावे की, चांगले पिकलेले, टपोरे फळ निवडावे, त्यातील बिया धुऊन एकदोन दिवस सावलीत सुकवाव्यात आणि नारळाच्या करवंटीत अथवा तळाला भोक पाडलेल्या डब्यात, माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल पेराव्यात. माती ओलसर असावी, चिखल नसावा. दोनतीन आठवड्यांत कोंब दिसू लागतात. रोप सावकाश वाढते. पहिल्या वर्षी त्यास हलवू नये. पुढील पावसाळ्याच्या आरंभी ते जमिनीत लावावे. फळ धरण्यास सुमारे तीनचार वर्षे लागतात, तोवर धीर धरावा.

बियांपासून झालेले झाड मूळ झाडासारखेच निघेल असे नाही. एखाद्या घरच्या जाळीची फळे विशेष गोड असतील व तोच गुण राखावयाचा असेल, तर पावसाळ्यात तिची जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबावी व मुळे फुटल्यावर वेगळी करावी. छाटकलमास मुळे फुटणे कठीण जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाचा मोठ्या फळांचा वाण काढला आहे; तथापि गावची जाळी टाकून त्यामागे धावावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

कसब्यात आज बहुतेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या आहेत. तेथे कुंभाराकडील दीड फूट खोल कुंडी पुरते. मात्र ती चौकाच्या सावलीत न ठेवता गच्चीवर, दिवसभर ऊन मिळेल अशी ठेवावी. खेड्यातील शाळेस अर्थातच कुंडीची गरज नाही. कुंपणाच्या कडेने दोन ते तीन फुटांवर रोपे लावल्यास काही वर्षांत गुरे शिरू न शकणारी काटेरी भिंत तयार होते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे झाड स्वतःचे पाहते. पाणी तुंबलेले त्यास सोसत नाही. फळे उतरल्यावर वाळक्या व आत दाटलेल्या फांद्या छाटाव्यात. छाटताना हातास चीक लागू देऊ नये.

चिकाचा विषय निघाला म्हणून एक इशारा देणे भाग आहे. करवंद, कण्हेर व पिवळी बिट्टी ही एकाच कुळातील असून तिघांसही पांढरा चीक असतो. पैकी कण्हेर व बिट्टी ही अत्यंत विषारी आहेत. बिट्टीचे बी तर प्राणघातक ठरते. पुष्कळ शाळांच्या आवारात ही दोन्ही शोभेसाठी लावलेली असतात. करवंदाची पाने समोरासमोर जोडीने येतात व फांदीवर कठीण काटे असतात. कण्हेरीची पाने लांबट, बहुधा तीन-तीन एका जागी, तर बिट्टीची अरुंद व एकाआड एक असतात. या दोघींस काटे नसतात. तिन्ही फांद्या वर्गात शेजारी शेजारी ठेवून हा फरक मुलांकडून वदवून घ्यावा आणि त्यानंतर सर्वांचे हात साबणाने धुववावेत. कोंबडा की कोंबडी हा खेळ, म्हणजे फळाचा गर लाल निघतो की पांढरट हे ओळखणे, काटे पाहून झाड पक्के ओळखल्यावरच खेळू द्यावा.