माल्टाची ईद

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं चिमुकलं बेट आहे. वस्ती बहुतेक कॅथलिक. पण ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांच्या उपवासाला तिथे 'रांदान' म्हणतात. म्हणजे आपला रमजानच! ईस्टरचं नाव मोठी ईद, आणि प्रार्थनेतला देव 'आल्ला'.

इसवी सन ८७० मध्ये इथे अरब आले, १०९१ मध्ये नॉर्मन. तेराव्या शतकात मुसलमान समाज मावळला. बोली मात्र राहिली. २९ जूनला संत पीटर आणि पॉल यांचा 'इम्नार्या' सण. आदल्या रात्री बुस्केतच्या बागेत सशाचं कालवण शिजतं, 'आना' ही लोकगीतं रंगतात. हा 'आना'सुद्धा अरबी 'गिना', म्हणजे गाणं.

राज्यं गेली, धर्म बदलला. पण सणाचं नाव मूल आईकडून शिकतं. ते कोण बदलणार?