समुद्रातलं टेंडर

आमच्या बार्शीटाकळीत टेंडर म्हणजे रस्त्याचं, नालीचं, नाही तर शाळेच्या भिंतीचं. ते निघतं, भरलं जातं, उघडतं, आणि त्यानंतर गावातल्या दोन-चार जणांचं आपसातलं बोलणं बंद होतं. त्यामुळे क्रूझवरच्या तिसऱ्या सकाळी स्पीकरवर 'थोड्याच वेळात टेंडर सुरू होतील' अशी हिंदीतून घोषणा झाली, तेव्हा आईनं चहाचा कप खाली ठेवला. "इथं भर समुद्रात कायचं टेंडर निघालं रे बाबू?"

मला तरी कुठं माहीत होतं? एक टेंडर मी लहानपणी पाहिलेलं होतं. अकोला-पूर्णा लाइन मीटरगेज होती तेव्हा आमच्या स्टेशनात वाफेचं इंजिन यायचं, त्याच्या पाठीला कोळशा-पाण्याचा डबा जोडलेला असायचा. त्यालाही टेंडर म्हणत. मोठ्याच्या दिमतीला राहणारं ते टेंडर. इंजिनाला कोळसा पुरवणारा डबा जसा टेंडर, तशी जहाजातली माणसं किनाऱ्याला पोचवणारी लहान बोटही टेंडर.

अमरावती-मुंबई एक्स्प्रेसनं मुंबई, बॅलार्ड पिअरवरून जहाज, मग दोन रात्री आणि एक अख्खा दिवस नुसतं पाणी. आता समोर लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट होतं. हिरव्या रंगाची एक पट्टी, त्याखाली पांढरी, त्याखाली फिक्या निळ्या काचेसारखं पाणी. लक्षद्वीपची ३६ बेटं एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरतात. बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण, कुंपणाच्या आत कुठं गुडघाभर तर कुठं पुरुषभर पाणी. आमच्या जहाजाचं पाण्याखालचं अंगच दोन मजल्यांएवढं. ते कुंपणाबाहेरच थांबणार. आत जायचं तर लहान बोटीनं, आणि लहान बोटीत जायचं तर मोठ्या जहाजातून पाय बाहेर टाकावा लागणार. सगळी गोष्ट त्या एका पावलाची.

त्या पावलाआधी मात्र दोन तास बसून राहावं लागलं. प्रत्येकाला गटाचा नंबर दिलेला, आमचा चौदा. नाटकगृहात सगळ्यांना बसवलं होतं आणि सहाच्या पुढं नंबर सरकायला तयार नव्हता. मधूनच कोणी 'आमचं कुटुंब पुढं गेलंय' म्हणून घुसायचं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातली ओळ बरी, निदान तिथं भांडता येतं. इथं एसीत बसून भांडायलाही ओशाळल्यासारखं होतं.

रत्नागिरीकडचे एक आजोबा शेजारी बसले होते. त्यांना या सगळ्याचं काही विशेष वाटत नव्हतं. "हे टेंडर म्हणजे आमचा पडाव हो," ते म्हणाले. मुंबईहून निघालेली आगबोट कोकणात बहुतेक बंदरांत धक्क्याला लागतच नसे. हर्णै, जयगड, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सगळीकडे ती समुद्रात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या आणि तान्ही पोरं या हातातून त्या हातात जायची. पडावसुद्धा वाळूपर्यंत पोचला नाही तर शेवटचा टप्पा खलाशाच्या खांद्यावर. आई मन लावून ऐकत होती. मग मला हळूच म्हणाली, "मले कोणी खांद्यावर घ्याले आलं तर मी जहाजातच राहीन."

चौदा नंबर पुकारला. जिन्यानं खाली, आणखी खाली. गालिचा संपला, भिंतींवरचा मुलामा संपला. रंग दिलेलं नुसतं लोखंड, डिझेलचा वास, ओल्या दोरांचा वास. जहाजाच्या कुशीत एक दार उघडलेलं, दारातून समुद्र अगदी पायाशी. दाराशी प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर टेकवत होते. आवाज झाला की जहाजाच्या हिशेबात तुम्ही बाहेर. संध्याकाळी तसाच आवाज झाला की आत. कोण बेटावर राहून गेलं ते त्यावरूनच कळतं.

कॅप्टननं जहाज असं आडवं धरलं होतं की लाटा पलीकडच्या बाजूला आपटाव्यात आणि आमच्या दाराशी आडोसा राहावा. बांधाच्या आडोशाला बसून आपण जेवतो, तसं. तरीही बोट हलत होतीच. पंचवीस-तीस माणसांची, बेटावरचीच मोटारबोट. पुढून एक आणि मागून एक असे दोर बांधलेले, कडेला जुने टायर लोंबकळत सोडलेले. बोट वर यायची तेव्हा टायर जहाजाच्या पोलादावर घासून कर्रर्र करायचा, खाली जायची तेव्हा मध्ये वीतभर काळं पाणी दिसायचं. वरच्या टोकापासून परत वरच्या टोकापर्यंत मी आकडे मोजले. सहा, कधी सात.

आपल्या पायांना असली सवय नाही. आमच्या गावातल्या कालिकामातेच्या हेमाडपंती देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. त्या दगडावर पाय ठेवला म्हणजे ठेवला, दगड खाली जात नाही. इथं पायरीच खाली-वर होते. बोट खाली जाताना पाय टाकला तर पाय हवेत पडतो. वर येताना टाकला तर ती गुडघ्यात ठोसा मारते. मधे, अगदी वरच्या टोकाला, ती क्षणभर थबकते. झोका टोकाला जाऊन परत फिरण्याआधी थबकतो तशी. पाय टाकायचा तो तेव्हाच.

हे सगळं मी दहा-बारा माणसं उतरताना पाहून शिकलो. बोटीतल्या खलाशाला ते शिकावं लागलेलं दिसत नव्हतं. तो पाण्याकडं बघतच नव्हता. त्याची नजर उतरणाऱ्याच्या पायांवर, आणि लाट बहुधा त्याच्या स्वतःच्या तळव्यांना कळत असावी. तोंडात दोनच हिंदी शब्द. "रुको." आणि मग, "आओ." लोक त्याच्यापुढं हस्तांदोलनाला करतात तशी बोटं करत. तो बोटांना हातच लावत नव्हता. सरळ कोपराखाली पकडायचा, दोन्ही बाजूंनी एकेक जण. ओली बोटं निसटतात, कोपर निसटत नाही. पिशव्या आधी घेत होते, माणूस नंतर. एकानं उतरता उतरता व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला, तेव्हा खलाशानं तो शांतपणे त्याच्या हातातून काढला, मागच्या बाईच्या मांडीवर ठेवला आणि मग म्हणाला, "आओ."

आईची पाळी आली. सहावारी लुगडं, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, उजवा गुडघा दुखरा. खलाशानं खुणेनंच निऱ्या वर खोचायला सांगितल्या. तिनं खोचल्या, गुडघाभर, रोवणीला उतरल्यासारख्या. बोट वर आली, आई थांबली. बोट खाली गेली. परत वर आली. "आओ" म्हणायच्या आतच तिनं डावा पाय टाकला, दुखरा मागून ओढला, आणि ती बोटीत उभी होती. फक्त डावी चप्पल मागं राहिली. ती टायरला अडकली, पुढच्या लाटेला सुटली आणि त्या काळ्या फटीत जाऊन तरंगू लागली.

मी वाकलो. खलाशानं मला छातीवर हात ठेवून मागं सारलं. त्या फटीत हात घालायचा नसतो, बोट परत आली तर हाडं राहत नाहीत. बोटीच्या बुडाशी लांब दांड्याची आकडी पडली होती, ती उचलून त्यानं दोनदा हुकवली, तिसऱ्यांदा चप्पल अंगठ्यात अडकवून वर घेतली. झटकली आणि आईपुढं ठेवली. आई मराठीत त्याला "देव तुयं भलं करो" म्हणाली. त्याला ते कळलं असावं.

मग माणसं बसवणं. सगळ्यांना बेट दिसतं ती बाजू हवी होती. खलाशी एकेकाला उठवून पलीकडं बसवत होता, जाड माणसाला मधे. लोक कुरकुरत होते. आईला मात्र ते आवडलं. महानला काटेपूर्णा धरणात भोयांच्या डोंग्यात बसली होती ती कधी तरी, तेव्हा भोई ओरडला होता, "मधात बस माय, मधात!" शेजारचे आजोबा हे ऐकून गप्प झाले. थोड्या वेळानं त्यांनी एवढंच म्हटलं, "रामदास." १७ जुलै १९४७, अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात कलली, आणि घाबरलेली माणसं एका अंगाला धावली असं सांगतात. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आजोबांनी त्यापुढं काही सांगितलं नाही. त्यांच्या लहानपणी घरात कोणी बोटीत उभं राहिलं की हाच एक शब्द उच्चारला जायचा, एवढंच.

इंजिन सुरू झालं, दोर सुटले. कुंपणातल्या फटीतून बोट आत शिरली तशी तिची चाल एकदम बदलली. गाडी खडीवरून डांबरावर यावी तशी. पाण्याचा तळ दिसायला लागला, तळाशी आमच्या बोटीची सावली आमच्याबरोबर चालली होती. धक्क्यावर उतरणं काहीच नव्हतं.

बेटाबद्दल फार सांगत नाही. नारळ, पांढरी वाळू, ऊन, महागडं शहाळं. ते फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

परतताना चार वाजता वारा फिरला होता. जहाजाच्या दाराशी आता आकडे पाचच येत होते आणि काळी फट वीतभराची हातभर झाली होती. वर चढणं उतरण्याहून सोपं असेल असं मला उगाच वाटलं होतं. दारातले दोघं आणि बोटीतले दोघं अशी चार माणसं एकेकाला अल्लाद पुढं देत होती. एक तरुण जोडपं हातात हात धरून चढायला गेलं, खलाशानं त्यांचे हात सोडवले. दोघांना दोन वेगवेगळ्या लाटा घ्याव्या लागल्या.

आमची पाळी यायला अजून सात-आठ माणसं होती. मी आईकडं पाहिलं. ती निऱ्या खोचून, दोन्ही चपला काढून, त्या शहाळ्याच्या पिशवीत घालून तयार बसली होती.