एका कार्यशाळेत दोन गुरू

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत रोज गाड्यांचे असंख्य सुटे भाग तयार होतात. त्यांतल्या बहुतेकांचं ड्रॉइंग मात्र गिऱ्हाईक कंपनीकडून येतं. व्हेंडरने माप आणि टॉलरन्स सांभाळून माल वेळेत द्यायचा, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं. वस्तू योजणारा आणि ती घडवणारा यांच्यातली ही फारकत जुनी आहे. ती मिटवण्याचा एक नेटका प्रयत्न जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेने शंभर वर्षांपूर्वी केला. तिचं नाव निघालं की लोकांना सपाट छपरं, काचेच्या भिंती आणि पोलादी नळ्यांच्या खुर्च्या आठवतात. या औद्योगिक पट्ट्याला त्या शैलीपेक्षा तिथली शिकवण्याची रीत अधिक उपयोगी आहे, असं मला वाटतं.

वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअस यांनी १९१९ मध्ये वायमार इथे ही शाळा काढली. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या कार्यशाळांना दोन-दोन गुरू असत: आकाराची जाण देणारा कलावंत आणि हातात कसब असलेला कारागीर. डोर्नबुर्गच्या मातीकामाच्या कार्यशाळेत शिल्पकार गेरहार्ड मार्क्स यांच्या जोडीला माक्स क्रेहान हे पिढीजात कुंभार होते. शाळा १९२५ मध्ये डेसाउला हलली, तोवर दोन्ही विद्या एकाच अंगी असलेली पिढी तयार झाली होती. फर्निचरची कार्यशाळा सांभाळणारा मार्सेल ब्रॉयर आणि विणकामाची धुरा घेणारी गुंटा श्टोल्त्सल हे दोघेही शाळेचेच विद्यार्थी. पुढे नाझींच्या दडपणामुळे १९३३ मध्ये बर्लिनमध्ये शाळा बंद पडली. अवघं चौदा वर्षांचं आयुष्य तिला लाभलं.

मराठी माणसांपर्यंत हा वारसा दोन वाटांनी आला. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये ग्रोपिअस यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर त्यांनी आयआयटी कानपूरसारखी संकुलं उभारली. दुसरी वाट उल्म शहरातून आली. बाउहाउसचे विद्यार्थी माक्स बिल यांचा तिथली डिझाइन शाळा उभारण्यात मोठा वाटा होता. १९५३ ते १९६८ या काळात चाललेल्या त्या शाळेने चित्रकाराचा मान थोडा कमी करून उत्पादन, वापर आणि शास्त्र यांना पुढे आणलं आणि ब्राऊन कंपनीबरोबर रेडिओसारख्या वस्तूंवर काम केलं. जे. जे. मधून तिथे गेलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये पवईला आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू केलं. कारखान्यांच्या दृष्टीने ही दुसरी वाट अधिक जवळची.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाउहाउसने सामान्यांसाठी वस्तू करण्याचा घोष केला, पण तिथल्या बऱ्याच वस्तू महागच राहिल्या. बाजारात सर्वाधिक चालला तो भिंतीला चिकटवायचा कागद. म्हणजे निव्वळ शाळा काढून बाजार हाती येत नाही. दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: आपल्या इंजिनिअरांना हे शहाणपण बाउहाउसविनाही सुचतं. टाटांचा २००५ मधला ‘एस’ हा छोटा ट्रक पाहा. तीनचाकी चालवणाऱ्यांच्या गरजा समजून घेऊन पुण्यातल्या चमूने त्याला चार चाकं दिली आणि इंडिकाच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावरून दोन सिलिंडरचं इंजिन बेतलं. खर्च, वजन आणि वापर यांतूनच आकार ठरला.

हे खरं आहे, पण ‘एस’च्या मागे मोठ्या कंपनीचा पैसा, संशोधन केंद्र आणि वेळ होता. दहा मशीन असलेल्या भोसरीच्या उद्योजकाकडे यांतलं काहीच नसतं. मोठ्या कंपनीला जे एखाद्या प्रकल्पात साधतं, ते रोजच्या सवयीचं करणं हे शाळेचं काम असतं. म्हणून आयटीआयचा टूल-डाय शिकवणारा निदेशक आणि डिझाइनचा शिक्षक यांनी एकाच टूलरूममध्ये, एकाच वस्तूवर, त्याच मुलांना शिकवायला हवं. अशी मुलं दिलेलं ड्रॉइंग वाचतीलच. शिवाय त्यातला अनावश्यक खर्च दाखवतील आणि पुढे स्वतःची वस्तू मांडतील. इलेक्ट्रिक वाहनांमुळे इंजिनाच्या भागांची मागणी घटणार असेल, तर फक्त दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जगणाऱ्या कारखान्याला सर्वात आधी झळ बसेल. त्याच्यासाठी ही शिकवण चैन राहिलेली नाही, ती धंद्याची तजवीज आहे.